व्हरांड्यातलं अपील

एकनाथ तामोरे येडा होता, असं शिरगावात अजून सांगतात. सांगोत बापडे. ज्यांनी जन्मात पालघरच्या कोर्टापलीकडे दुसरं कोर्ट पाहिलं नाही, त्यांनी दुसऱ्याला येडा म्हणावं, ही गंमतच म्हणायची. एकनाथची चूक झाली, मोठी झाली, आणि त्या चुकीपायी सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय आला, यात काही वाद नाही. पण ती झाली कशी ते नीट ऐका, आणि मग येडा कोण नि हलकट कोण ते तुमचं तुम्ही ठरवा.

एकनाथ मूळचा दर्यावरचा. बापाच्या होडीवर वाढला, आणि बाविसाव्या वर्षी जाळं ओढताना डाव्या पंजाला दोराचा वेढा बसून मधली तीन बोटं गेली. उरली करंगळी आणि अंगठा. होडीचा म्होरक्या, तांडेल, त्याला तोंडावर म्हणाला, "आता तू बायकांत जाऊन बस." तो खरंच जाऊन बसला. त्याची थोरली बहीण जमना विधवा होती, किनाऱ्याला तिची बोंबील वाळत घालायची जागा होती. बांबू पुरून, दोऱ्या बांधून उभ्या केलेल्या सात वलांड्या. आजोबाच्या आजोबापासून तामोऱ्यांचे बोंबील तिथंच वाळत आलेले. जमनाने भावाला हाताशी घेतलं, जाळी सांधायला बसवलं, आणि दोन बोटांच्या पंजाने ते काम तो पाच बोटांच्या माणसापेक्षा चांगलं करू लागला.

जमना पालघरला दारोदार मासळी विकायची. तिच्या गिऱ्हाइकांत स्टेशनच्या पश्चिमेला बंगला असलेल्या दमयंतीबाई टिपणीस होत्या. त्यांचे यजमान, प्रोफेसर रामनाथ टिपणीस, मुंबईच्या एका लॉ कॉलेजात शिकवायचे. दम्यासाठी डॉक्टरने मुंबईची हवा सोडायला सांगितली, म्हणून इथं राहायला आले. आठवड्यातून चार दिवस मुंबई, तीन दिवस पालघर. येताना दर खेपेला एक ट्रंक भरून कॉलेजच्या लायब्ररीतली पुस्तकं आणायचे. मास्तरलोकांना पुस्तकं हवी तेवढी, हवे तितके दिवस ठेवायची मुभा होती, आणि सरांनी त्या मुभेचं अगदी सोनं केलं होतं. बंगल्याच्या तीन खोल्या कॉलेजच्या पुस्तकांनी भरल्या. खाऱ्या हवेने पुस्तकांच्या शिवणी कुजायला लागल्या. दमयंतीबाईंनी जमनाला विचारलं, शिवायला-पुसायला कुणी माणूस आहे का? जमना म्हणाली, "हाय की. माझा भाऊस हाय. जाळा शिवतो, तर कागद नाय शिवणार?"

असा एकनाथ पुस्तकांत आला. सन पंचावन्न-छप्पनची गोष्ट. जाळ्याच्या दोऱ्याने आणि जाळ्याच्याच गाठीने त्याने पुस्तकं शिवली, आणि ती शिवण पुस्तकाचा कागद गेला तरी जाईना. कायदा बदलला की सरकारकडून छापील चिठोऱ्या यायच्या. जुन्या कलमावर नवं कलम खळीने चिकटवायचं. एकनाथ चौथीपर्यंत शिकलेला, इंग्रजी त्याला कळत नव्हतं, पण कलमाचा आकडा जुळवून तो चिठोरी अशी बसवायचा की नखाला लागू नये. शिरगावात मग छाती काढून सांगायचा, "कायदा सरकार नाय बदलत. मी बदलतो, खळ लावून."

सरांची एक पद्धत होती. ती लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण तिच्यातच आहे. वाचताना ते पानांत चिठ्ठ्या घालायचे. एकनाथच कापून द्यायचा. पांढरी चिठ्ठी म्हणजे वर्गात शिकवायचं. लाल चिठ्ठी म्हणजे सरांना स्वतःचा लेख लिहायचाय. पांढऱ्या चिठ्ठीचं पुस्तक सोमवारी ट्रंकेत बसून परत जायचं. लाल चिठ्ठीचं पुस्तक मात्र लेख छापून येईपर्यंत हलायचं नाही. कॉलेजातून तीनतीन कार्डं आली तरी सर ढिम्म. एक जाडजूड पुस्तक तर पाच वर्षं पडून होतं. हे एकनाथला जितकं ठाऊक होतं तितकं कॉलेजच्या लायब्ररीयनलाही नव्हतं.

मग तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं. रस्ते झाले, जीपगाड्या धावू लागल्या, आणि किनाऱ्याच्या वाळूलासुद्धा भाव आला. जमनाच्या वलांड्यांमागे दामूशेठ म्हणून एकाची नारळाची वाडी होती. इतकी वर्षं त्याला मासळीचा वास आला नव्हता, तो आता यायला लागला. वाळूची जागा आपल्याच सर्व्हे नंबरात मोडते म्हणून त्याने पालघरच्या कोर्टात दावा लावला. जमनाकडे काय होतं? सात वलांड्या आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांची साक्ष. पासष्ट सालच्या डिसेंबरात निकाल लागला. जमना हरली.

वकील म्हणाला, "ठाण्याला अपील करू. तीस दिवसांच्या आत. पण लेखी काही असेल तर शोध, बाई. तोंडाच्या वाफेवर अपील चालत नाही."

आणि देवाची करणी बघा, लेखी सापडलं! आढ्याच्या बांबूच्या पोकळीत, तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक मोडी कागद. खाली मामलेदाराचा शिक्का. जमनाला हर्षाने रडू फुटलं. ती तो कागद तशीच वकिलाकडे नेणार होती. तिला अडवलं एकनाथने.

"वकिलाला मोडी येते काय?" तो म्हणाला. "सरांना येते. आधी सरांना दाखवतो, मंग वकिलाला दे. एक दिस थांब, बाय."

एक दिवस! त्या एका दिवसावर पुढं तो जन्मभर थुंकला.

सरांनी कागद उजेडात धरला, भिंग लावलं, आणि खुर्चीतून उठले. अठराशे सदतीस सालचा कागद. शिरगावच्या तामोऱ्यांनी या वाळूवर मासळी वाळवावी, त्यांस कोणी हरकत करू नये, असं मामलेदाराने लिहून दिलेलं. सरांनी एकनाथच्या पाठीवर थाप मारली. दहा वर्षांत मारली नव्हती.

"एकनाथ, हा कागद मुंबईच्या एकाही लायब्ररीत मिळणार नाही!"

"मंग जमनाची जागा ऱ्हाईल, सर?"

"राहील म्हणजे? अरे, राहायलाच पाहिजे!"

पुढचे आठ दिवस बंगल्यात एकनाथला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. हे काढ, ते काढ, शिडी लाव. जुने निवाडे, जिल्ह्याची वर्णनं, रूढीच्या हक्कांवरची पुस्तकं. सरांना एक विलायती निवाडा सापडला. तिकडच्या कुठल्याशा गावी मच्छीमार किनाऱ्यावर जाळी वाळवायचे, जमीनमालकाने अडवलं, आणि मच्छीमार जिंकले. सरांनी तो मराठीतून एकनाथला समजावून सांगितला.

"तिकडं पण आपली माणसा हायत काय?" एकनाथला भारी नवल वाटलं. त्याने शिरगावला जाऊन जमनाला सांगितलं, आणि जमनाने त्या विलायतच्या मच्छीमारांना हात जोडले.

टेबलावर पुस्तकांचा ढीग झाला. त्यात पांढऱ्या चिठ्ठ्या होत्या आणि लाल चिठ्ठ्याही होत्या. जमनाचा कागद सरांनी एका पुठ्ठ्यात ठेवला, आणि त्याला लाल चिठ्ठी लावली. एकनाथने ती पाहिली. स्वतःच्या हाताने कापलेली चिठ्ठी, ती काय सांगते हे त्याला कळत नव्हतं थोडंच? पण त्याने मनाची समजूत घातली, की सर आपलेच आहेत, आपल्यासाठीच राबताहेत. वकिलाला कागद कधी द्यायचा, असं त्याने भीतभीत विचारलंही. सर पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "येत्या रविवारी इथं अपील आहे. ते होऊ दे."

इथं अपील आहे. शब्द सरांचे. एकनाथने ते मनचे घातलेले नाहीत.

आता हे सराव-खटले दरवर्षी मुंबईला, कॉलेजच्या हॉलमध्ये व्हायचे. मास्तर एक खटला रचून देतात, पोरं दोन बाजूंनी वकील होतात, आणि शिकतात. एकनाथने ते कधी पाहिले नव्हते, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. त्या वर्षी सरांना वाटलं, जागेवरच करू, मुलं किनारा बघतील, मूळ कागद बघतील. रविवारी सकाळच्या गाडीने सोळा पोरं-पोरी काळे कोट घालून उतरली, टांग्यांतून बंगल्यावर आली. व्हरांड्यात टेबल, टेबलावर हिरवं कापड, मागं उंच खुर्ची. खुर्चीवर मुंबईचे एक जज्ज, निवृत्त झालेले, पण पांढऱ्या गळपट्टीसकट आलेले. पालघरचं कोर्ट म्हणजे तरी वेगळं काय होतं? एक खोली, एक टेबल, एक खुर्ची, आणि तिथला जज्ज तर वयाने याच्या निम्मासुद्धा नव्हता.

सगळं इंग्रजीतून चाललं. एकनाथ खांबाआड उभा राहून पुस्तकं पुरवत होता. त्याला कळत होते फक्त मधले मधले शब्द. जमना. शिरगाव. तामोरे. दामूशेठच्या बाजूने एक चष्मेवाला पोरगा बोलायला लागला की एकनाथ हातातली पुस्तकं उगाच उलटसुलट रचायचा. जमनाच्या बाजूची एक बुटकी मुलगी उठली की तो मनात एकवीरेचं नाव घ्यायचा. त्या मुलीने तो मोडी कागद दोन्ही हातांनी उंच धरला. जज्जांनी तो मागून घेतला, खूप वेळ पाहिला. आणि दुपारी निकाल दिला. टाळ्या पडल्या.

एकनाथ घामाघूम होऊन पुढं आला. "सर, काय झाला?"

"जिंकली तुझी बहीण! अपील मंजूर."

एकनाथने जज्जांचे पाय धरले. धरले म्हणजे अगदी कपाळ टेकवलं. जज्ज गडबडले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, दोघींनी तोंडाला रुमाल लावले. सर इंग्रजीत काहीतरी बोलले आणि सगळा व्हरांडा खदखदा हसला. एकनाथही हसला. जिंकल्यावर माणसं हसणारच.

"मंग सर, आता ठाण्याला जाया नको?"

इथं, इथं त्या माणसाने एक वाक्य बोलायला हवं होतं. 'अरे वेड्या, हा सराव होता, उद्याच ठाणं गाठ.' एवढंच. पंधरा दिवस हातात होते. पण कागद वकिलाकडे गेला असता तर लेख अडला असता, आणि पोरांसमोर रंगलेला विनोद मोडायचा कसा?

"ठाण्याला?" सर डोळे मिचकावत म्हणाले. "या साहेबांपेक्षा मोठे जज्ज आहेत का रे ठाण्याला?"

पुन्हा हशा. दारातून दमयंतीबाई हळूच म्हणाल्या, "अहो..." सरांनी त्यांना हाताने गप्प केलं.

जमनाने दुसऱ्या दिवशी बंगल्यावर पापलेटांची पाटी पाठवली. जज्जसाहेबांना म्हणून निवडून बाजूला काढलेली मोठी पापलेटं. ती टिपणीसांच्या घरी तळली गेली. त्याच आठवड्यात सरांनी सांगितलं म्हणून एकनाथने लेखाचे सगळे मूळ कागद एकत्र टाचले. जमनाचा कागद मध्ये घेऊन त्याने आपली जाळ्याची गाठ मारली, घट्ट, कधी न सुटणारी. ते बाड मुंबईला गेलं आणि त्यावर कॉलेजच्या लायब्ररीचा शिक्का बसला.

तीस दिवस संपले. कुणाला कळलंही नाही.

जानेवारीच्या अखेरीला कोर्टाचा बेलीफ आला, बरोबर दामूशेठची आठ माणसं. वलांड्यांवर बोंबील अर्धे सुकलेले होते. माणसांनी दोऱ्या कापल्या, बांबू उपटले, बोंबील वाळूत पडले, आणि त्यांच्यावरून चालत माणसांनी तारेचं कुंपण ओढलं. जमना पदर खोचून आडवी आली.

"आमी जिंकलोय! मुंबयच्या जज्जाने निकाल दिलाय!"

"निकालाचा कागद दाखव," बेलीफ म्हणाला.

"कागद सायबाकडं हाय."

"कंच्या कोर्टाचा निकाल?"

"टिपणीस सायबाच्या व्हरांड्यातल्या कोरटाचा," जमना म्हणाली, आणि आठच्या आठ माणसं पोट धरून हसली. शिरगावची माणसंही हसली, लपवायचं कशाला? ज्यांच्या वलांड्या पुढच्या वर्षी जायच्या होत्या तेसुद्धा हसले.

एकनाथ पालघरला धावत गेला. सर लिहीत होते. त्याने सगळं सांगितलं, धाप लागलेल्या तोंडाने, वाक्यं तोडत. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"अरे, तो मुलांचा सराव होता. तुला काय खरंच वाटलं?"

"तुमी बोललात, जिंकली."

"सरावात जिंकली."

"तुमी बोललात, ठाण्याला नको."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. दमयंतीबाई आतून आल्या. "मी तेव्हाच म्हणत होते, त्याला खरं सांगा," त्या म्हणाल्या, आणि रडत आत गेल्या. रडण्यापलीकडे त्यांनीही काही केलं नाही.

एकनाथ हलला नाही. दहा वर्षं चिठोऱ्या चिकटवलेला माणूस, त्याला एवढं माहीत होतं की प्रत्येक कलमाला कुठं तरी खिडकी असते. "सर, उशीर माफ होत नाय काय?"

"होतो. कारण पुरेसं असलं तर. पण कुणीतरी प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, की माझ्या बोलण्यामुळे या माणसाचा गैरसमज झाला."

"मंग द्या की."

"मी?" सरांचा चेहरा लाल झाला. "मी लिहून देऊ, की मी तुला फसवलं? कोर्टात? माझे विद्यार्थी तिथं वकिली करतात!"

"फसवला म्हणून नका लिवू. तुमी जा बोललात, ताच लिवा."

"एकनाथ, चेष्टा आणि निकाल यातला फरक ज्याला कळत नाही, त्याला कायदा काय करणार?"

"मंग कागद तरी परत द्या."

"तो आता कॉलेजचा झाला. शिक्का बसलाय. आणि तूच टाचलास ना? तुझी शिवण सुटते कधी?"

मग सर एकदम थांबले. काहीतरी सुचल्यासारखे उठले, कपाटातून मुदतीच्या कायद्याचं पुस्तक काढलं, एक पान उघडलं, आणि कागदाच्या एका तुकड्यावर काही लिहायला लागले. एकनाथच्या जिवात जीव आला. लिहिताहेत! शेवटी माणूसच ना, पाझर फुटला. सरांनी लिहून संपवलं, चिठ्ठी पानात घातली आणि पुस्तक मिटलं. चिठ्ठी पांढरी होती.

पांढरी म्हणजे वर्गात शिकवायचं, एवढं एकनाथला ठाऊक होतं; पण यातलं काय शिकवायचं, ते त्याला तेव्हा कळलं नाही. ते कळायला वर्ष जावं लागलं.

नोकरी त्याने सोडली नाही. सोडून करणार काय? वलांड्या गेल्यावर दोन्ही चुली त्याच्याच पगारावर आल्या. जमना दुसऱ्यांच्या मासळीवर राबायला जायला लागली, भावाशी बोलायची कामापुरतं. लेख छापून आला. सरांनी त्याची एक प्रत एकनाथलाच शिवायला दिली. त्यात शिरगावचं नाव होतं, मामलेदाराचं होतं, आणि खाली बारीक अक्षरांत सतरा पुस्तकांची नावं होती. लेख इंग्रजीत होता, पण दहा वर्षांत ती अक्षरं ओळखीची झाली होती; एकनाथने अक्षर अक्षर लावून पाहिलं. जमनाचं नाव कुठंच नव्हतं.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा सकाळच्या गाडीने काळे कोट उतरले. पुन्हा हिरवं कापड, ते या खेपेला एकनाथनेच इस्त्री केलं. जज्जही तेच. खटला कशाचा, हे एकनाथला कुणी सांगितलं नाही, पण सरांनी पहिलंच पुस्तक मागितलं ते मुदतीच्या कायद्याचं, आणि त्यातून पांढरी चिठ्ठी बाहेर डोकावत होती.

प्रश्न असा होता: एखाद्या अडाणी नोकराने सराव-खटल्याला खरं कोर्ट समजून अपिलाची मुदत घालवली, तर उशीर माफ करावा का?

इंग्रजी त्याला अजूनही कळत नव्हतं. कळायची गरजही पडली नाही. उशीर माफ करू नये म्हणणाऱ्या बाजूचा एक पोरगा बोलता बोलता वाकला आणि जज्जांचे पाय धरल्याचं सोंग केलं. धरताना त्याने डाव्या हाताची मधली तीन बोटं मुडपून घेतली होती. व्हरांडा हसून हसून बेजार झाला. सरांनी पोराला लटकं दटावलं. एकनाथ खांबाआड पुस्तकं छातीशी धरून उभा होता. त्याने मान खाली घातली नाही, पोराकडे बघत राहिला. जज्जांनी निकाल दिला. टाळ्या पडल्या. एकनाथने कुणाला विचारलं नाही. त्या पोराची पाठ थोपटली गेली, तेवढ्यावरून तो समजला.

"एकनाथ, चहा," सर म्हणाले. त्याने सतरा कप चहा दिला.

संध्याकाळी तो शिरगावला पोचला तेव्हा जमना कुणाच्या तरी दारात बोंबील निवडत बसली होती. तिच्या समोरच तारेपलीकडे वाळू होती. दामूशेठने तिथं अजून काहीच लावलं नव्हतं.

"आज सायबाकडं कोरट भरला व्हता ना?" तिने विचारलं.

"व्हता."

"कोणाचा?"

"आपलाच."

जमनाचे हात थांबले. "काय निकाल झाला?"

"हरलो, बाय."



"जिंकलो ता खोटा, नि हरलो ता खरा," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच्या बोंबलांची पाटी तिने पुढ्यात ओढली.